'धाकट्याचा १७ नंबर भरू का?' लातूर जिल्ह्यातल्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार भाऊ,

पत्र मिळालं. मुलगी लातूरला अकरावी सायन्सला, क्लासच्या सगळ्यात वरच्या बॅचमध्ये, डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी चालू. मुलगा गावाकडच्या हायस्कूलला नववीत, ड तुकडीत. आता हेडसरांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की याचा दाखला काढून घ्या आणि दहावीला बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा, आमचा शंभर टक्के निकाल याच्यामुळं खाली येईल. तुमचा प्रश्न काय, तर फॉर्म भरू का, आणि त्याच्या शिकवणीचे वाचलेले पैसे पोरीच्या टेस्ट सिरीजला लावू का.

फॉर्मचं सांगतेच, पण खरं सांगू का, मला वेगळीच गोष्ट टोचली. पोरीचे प्रत्येक टेस्टचे मार्क तुम्ही अख्ख्या पत्रात लिहिलेत आणि पोराचा उल्लेख सगळीकडं नुसता 'धाकटं', वर 'त्याच्यात काही राम नाही' हे पण. शाळेनं तुकड्या पाडल्या त्या पाडल्याच, पण तुम्ही तर घरात सुद्धा अ आणि ड तुकडी काढलीत. ड तुकडीत काय चालतं हे तुम्हाला माहीत नसेल असं नाही. गणिताचे चांगले सर अ तुकडीला, ज्यादा तास अ तुकडीला, आणि ड तुकडीला ज्यांचा तास रिकामा असेल ते सर, मग वर्षाच्या शेवटी म्हणायचं की या लेकराला गणित येत नाही. कुठून येणार?

आता १७ नंबर. लोकांना वाटतं की तो कच्च्या पोरांसाठी सोपा रस्ता आहे, पेपर सोपा असतो, कसंही पास करतात. अजिबात नाही. पेपर तोच, बोर्ड तेच, पासिंग तेच. ही सोय आहे शाळा सुटलेल्यांसाठी, कुणी कामाला लागलं, कुणाचं लग्न झालं, त्यांना दहावी करता यावी म्हणून. त्यात गैर काही नाही, सर्टिफिकेटही बोर्डाचंच मिळतं. पण रोज शाळेत जाणाऱ्या पोराला त्यात ढकललं की त्याचे तास जातात, शिकवणारं माणूस जातं, आणि जे लेकरू वर्गात बसून कच्चं राहिलं ते घरी एकटं बसून पक्कं होईल असं तुम्हाला का वाटतंय? आणि हे नववीतच का सुचतं तेही बघा. शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाच शाळेतून काढता येत नाही. नववीत ते कवच संपलं की दहावीच्या निकालाची काळजी सुरू होते, आणि दाखल्याचा अर्ज तुमच्याच सहीनं घेतात, म्हणजे कागदावर पालकांनी स्वतःहून मागितला.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की तो अभ्यास सोडून पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर खोलून बसतो आणि शेजारच्यांचे पण दुरुस्त करून देतो, हिशेब तोंडी पटकन सांगतो पण वहीत लिहिताना अक्षरं गाळतो. भाऊ, हे तुम्ही तक्रारीत लिहिलंत? आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यातून पुढं डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग, आणि या सगळ्याला दहावीचं गणित-विज्ञान लागतं, म्हणून त्याला दहावी नीट शिकूनच करू द्या. एखाददुसरा विषय राहिला तरी पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटी आहे, म्हणजे एक-दोन विषय राहूनही अकरावीला प्रवेश मिळतो. आणि ती गाळलेली अक्षरं सोडून देऊ नका. सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अडचण येते त्याच्या, तपासणीची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे धरलेलं आहे, सर्टिफिकेट निघालं तर बोर्ड पेपरला जादा वेळ देतं. नसेल तसं काही तर नसेल, पण बघायला काय जातं.

पोरीबद्दल मात्र तुम्ही एक वाक्य लिहून पुढं गेलात, 'आता ती घरी फोन करत नाही, अभ्यासात आहे.' मला पोरापेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटते. वरच्या बॅचमधल्या लेकराला वाटतं आपले लाड आहेत, पण टेस्टला मार्क घसरले की खालची बॅच, आणि लिस्ट सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शाळेला पोरगा निकाल खाली आणणारा आणि क्लासला पोरगी फ्लेक्सवर लावायचा फोटो, दोघांचंही काही खरं नाही. बोर्डानं मेरिट लिस्ट कधीच बंद केली, क्लासवाल्यांनी आपली वेगळी चालू ठेवली. नीटचं गणित तुम्हाला पाठ आहे, १८० प्रश्न, ७२० मार्क, चुकलं की एक मायनस, त्यावर मी काही बोलत नाही. बारावीला गेली की सोबत सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्मही भरून ठेवा, एवढंच.

टेस्ट सिरीज आणखी एक नको, आहे तीच पुष्कळ. या रविवारी पोराला घेऊन लातूरला जा, पोरीला होस्टेलवरून बाहेर काढा, जेवा, आणि मार्कांचा विषय तुम्ही काढू नका. धाकट्याचे पैसे धाकट्याच्याच गणिताच्या शिकवणीला लावा. शाळेत जाऊन हेडसरांना सांगा की दाखला काढायचं जे सांगताय ते लेखी द्या. बहुतेक देणार नाहीत. तरी रेटलंच तर जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दाखल्याच्या अर्जावर सही केली असेल तर उद्याच मागं घ्या.