‘तप्पाय्तु’ म्हणालो होतो, आता फॉर्मवर काय लिहू?

प्रश्न : काका, मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातला. आयटीआय टर्नर. २०१८ साली गावच्या जत्रेच्या रात्री तंबाखूच्या वखारीमागं आम्ही सातजण अंदर-बाहर खेळत बसलो होतो. पोलीस आले. पत्ते, चादर आणि चादरीवरचे पैसे घेऊन गेले, आमची नावं लिहून घेतली. तेव्हा मी १९ वर्षांचा. पुढं कोर्टात वकील म्हणाले, ‘तप्पाय्तु (कन्नडात ‘चूक झाली’) म्हण, सुटशील.’ म्हणालो. २०० रुपये दंड भरला आणि दुपारी घरी जेवायला आलो. त्यानंतर एकही भानगड नाही. आजवर कंत्राटदाराकडं काम केलं, तिथं कुणी काही विचारलं नाही. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसीवर कायम नोकरी मिळतेय. फॉर्ममध्ये विचारलंय : ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंद झाला आहे का? न्यायालयाने शिक्षा केली आहे का?’ शिवाय पोलिसांचा दाखला मागितलाय. मित्र म्हणतात, राज्य दुसरं, कोण बघतंय, ‘नाही’ लिहून टाक. आई विड्या वळते, तिला यातलं काहीच माहीत नाही. काय लिहू?

उत्तर : लेका, आधी त्या चादरीचं हसू आलं. सात जणांतले दोघं पळाले तरी चादर काही पळत नाही, पंचनाम्यात ती सापडतेच.

आता कामाचं. दुपारी घरी जेवायला आलास म्हणून तुला वाटलं सुटलो. वकिलांनीही तोच शब्द वापरला. खरं ‘तप्पाय्तु’ म्हणजे गुन्हा कबूल. कबुलीवर कोर्टानं दंड केला, ती शिक्षाच झाली, मग ती २०० रुपयांची का असेना. निर्दोष सुटणं वेगळं. आपल्या भागात ही गफलत घरोघरी आहे. हेलपाटे नकोत म्हणून पोरं कबूल होतात, पावती खिशात घालतात आणि पुढं आयुष्यभर ‘केस मिटली’ म्हणत राहतात. मिटली हे खरंच, कशी मिटली ते फॉर्म विचारतो. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘होय’ आहे.

माझी २६ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाईम ऑफिसात गेली. नेमणुकीचे फॉर्म माझ्याच टेबलावरून जायचे. एक मोल्डर आला होता, हात असा की त्याच्या साच्यातलं कास्टिंग परत आलेलं मला आठवत नाही. गुन्ह्याच्या रकान्यात त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं, खरं पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं होतं. मी ते बघितलं आणि काही बोललो नाही. आठ महिन्यांनी भलत्याच चौकशीला हवालदार आला आणि चहा पिता पिता बोलून गेला. गुन्हा काय, तर गणपतीच्या मिरवणुकीतली ढकलाढकली. साहेब म्हणाले, ‘मारामारीचं मला काही नाही, खरं हा लेखी खोटं बोलला.’ कामावरून कमी केल्याचं पत्र मीच टाईप केलं. तो फॉर्म मी पहिल्याच दिवशी परत त्याच्यापुढं सरकवायला हवा होता. तुझ्या फॉर्मच्या तळालाही बारीक अक्षरात ते वाक्य असणार बघ : माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त. एकदा त्यावर सही केलीस की दहा वर्षांनीही ते काढता येतं.

‘राज्य दुसरं’ हा मित्रांचा सल्ला तर ऐकूच नकोस. कंपनी कागलची असली तरी तू राहतोस कर्नाटकात. दाखल्याचा अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून जाणार आणि चौकशीला येणार तुझ्याच ठाण्यात, म्हणजे जिथं ती चादर जमा झाली तिथंच. आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव आणि साल टाकून केस शोधायला कागलच्या माणसाला दूधगंगा ओलांडून यावं लागत नाही.

तेव्हा आधी तूच शोध. केसचा नंबर मिळाला की कोर्टात नकलेचा अर्ज टाक आणि आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घे. दंडाची पावती असेल तर तीही. कागद कन्नडात असणार, एचआरवाल्याला तो वाचता येणार नाही, म्हणून मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का मारून घे. भाषांतर जाणत्याकडूनच कर. निर्दोष सुटण्याला कन्नडात ‘खुलासे’ म्हणतात. एका पोरानं मराठीत तसंच ‘कोर्टाने खुलासे केले’ लिहून दिलं, तर कोल्हापूरचा अधिकारी त्याला विचारतो, ‘कसला खुलासा केला?’

फॉर्मवर एवढंच लिही : ‘होय. २०१८ मध्ये, वय १९ असताना, सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळल्याबद्दल कर्नाटक पोलीस कायदा १९६३ खाली गुन्हा नोंद झाला. गुन्हा कबूल करून २०० रुपये दंड भरला. प्रकरण संपले आहे. आदेशाची प्रत जोडली आहे.’ कलम आदेशात बघून घाल. उघड्यावरच्या जुगाराला सहसा ८७ लागतं. ‘पत्ते खेळल्याबद्दल’ असं मऊ करून लिहू नकोस. कागदावर जुगार आहे, तर तुझ्या अक्षरातही जुगारच दिसू दे. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांग. वाईट संगत, जत्रेचा माहोल, असलं पुराण लावू नकोस. आमच्याकडं एकजण असाच कागद घेऊन आला होता. मालकांनी विचारलं, ‘अजून खेळतोस?’ तो म्हणाला, ‘खेळतो, घरात, बायकोबरोबर. पैसे लावत नाही, कारण तीच जिंकते.’ दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, गेटपास मीच केला.

घेतीलच असं मात्र मी लिहून देणार नाही. सुप्रीम कोर्टानं २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याचे नियम घालून दिले. खरी माहिती दिली तरी उमेदवाराचा पूर्वेतिहास बघायचा मालकाला हक्क आहे, नेमणूक कराच अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. दुसऱ्या बाजूनं, फॉर्ममध्ये नेमकं विचारलं असेल तेवढंच सांगणं बंधनकारक. नुसतं ‘सध्या खटला प्रलंबित आहे का?’ असा प्रश्न असता तर तू खुशाल ‘नाही’ लिहिलं असतंस आणि ते खरंच असतं. किरकोळ प्रकरण लपवलं गेलं असेल तर ते माफ करायची मुभाही कोर्टानं मालकाला दिलीय, आणि उदाहरण कुठलं दिलंय माहितीय? तरुण वयात घोषणा दिल्याचं! आपल्या सीमाभागात हे वाचून किती घरांत माना डोलतील ते मी सांगायला नको. खरं ती माफी मालकाच्या मर्जीवर आहे, तिच्या भरवशावर ‘नाही’ लिहू नकोस. शिवाय तो निकाल मुख्यतः सरकारी नोकरीच्या अंगानं आहे, खासगी कंपनी आपल्या नियमानं चालते.

ज्यांची केस अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक. ‘तप्पाय्तु’ म्हणायच्या आधी वकिलाला १९५८ च्या प्रोबेशन कायद्याबद्दल विचारा. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला कोर्ट समज देऊन किंवा बाँडवर सोडू शकतं, आणि तसं सोडलं तर कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० ला फोन लावा.

आणि आईला तूच सांग. चौकशीला हवालदार घरी आला तर पहिल्यांदा तीच दारात असणार.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा असताना मित्रांबरोबर कुणाची तरी मोटारसायकल घेऊन गेला होता. बालन्याय मंडळानं समज देऊन सोडलं. आता तो २१ चा आहे, सिक्युरिटी एजन्सीत नोकरी बघतोय. ते जुनं निघेल का?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या मुलाची गोष्ट वरच्यापेक्षा निराळी. १८ च्या आतलं प्रकरण मंडळापुढं निकाली निघालं असेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्यामुळं कसलीही अपात्रता येत नाही. कलम ७४ तर पोलिसांना बजावतं की चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा ती नोंद उघड करायची नाही. मंडळाच्या आदेशाची नक्कल तेवढी घरात ठेवा. दाखल्यावर चुकून काही आलंच तर ती नक्कल घेऊन ठाण्यात जा, आणि मुलाला एकट्याला पाठवू नका.