भाटकाराच्या नातवाची नोटीस आली. सभागृहाची डागडुजी थांबवायची का?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाच्या सचिवांनी पत्र पाठवलं आहे. १९८३ साली गावच्या भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, तोंडी शब्दावर जागा दिली आणि लोकांनी वर्गणी काढून, स्वतः चिरे वाहून सभागृह उभं केलं. जत्रेचं नाटक, लग्नं, बारशी, सकाळची बालवाडी, सगळं तिथंच होतं. घरपट्टी आणि वीजबिल मंडळाच्या नावाने येतं. जमिनीच्या नोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र कब्जेदार म्हणून आजही भाटकाराचं नाव आहे आणि मंडळाची इमारत ‘इतर हक्क’ रकान्यात आहे. आता छप्पर गळतंय, गिलावा सुटलाय. डागडुजी आणि रंगकाम ठरवताच भाटकाराच्या नातवाने वकिलाची नोटीस धाडली: जागा आमची, पंधरा दिवसांत काम बंद करा. पंचायत म्हणते, मालकाचा ना हरकत दाखला आणा. पावसाळा तोंडावर आहे. काय करावं?

सचिवसाहेब, रंगकाम थांबवू नका. मात्र सोबत पाठवलेलं अंदाजपत्रक आहे तसं अमलात आणू नका. दुसऱ्या पानावर, रंगाच्या डब्यांच्या आणि कौलांच्या हिशेबाखाली, एक ओळ आहे: ‘मागील भिंत दोन फूट उंच करून पत्रे बसविणे व रंगमंच पुढे वाढविणे’. तुमचा खरा धोका या ओळीत आहे. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे इमारत बांधायला, तिच्यात फेरबदल करायला किंवा भर घालायला पंचायतीची लेखी परवानगी लागते. जुना रंग खरवडून नवा देणं, सुटलेला गिलावा पुन्हा करणं, फुटलेली कौलं बदलणं याने इमारत वाढत नाही की बदलत नाही. भिंत दोन फूट वर गेली की गोष्ट वेगळी. तक्रार होईल, पाहणी होईल, काम बंद करण्याचा आदेश निघेल आणि उघडं छप्पर घेऊन तुम्ही पावसात बसाल. म्हणून कामाचे दोन भाग करा. डागडुजी आणि रंगकाम आत्ता करा, पंचायतीला लेखी कळवून पोच घ्या. वाढीव कामाचा अर्ज वेगळा द्या. त्यावर पंचायतीने तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. काम सुरू करण्याआधी चारही भिंतींना टेप लावून, माप स्पष्ट दिसेल असे तारखेसह फोटो काढा. उद्या कोणी ‘यांनी भिंत वाढवली’ म्हणालं तर हेच फोटो कामाला येतील.

आता जागेबद्दल. इथे मला तुमचं मन मोडावं लागेल. तोंडी दान कायद्यात टिकत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांच्या सहीचं हवं. म्हणजे जागेची मालकी तुमच्याकडे आली, असं म्हणता येणार नाही. पण म्हणून नातू उद्या कुलूप लावू शकतो, असंही नाही. उताऱ्यावरची नोंद खरी आहे असं गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ प्रमाणे गृहीत धरतात, पण पुराव्याने ते खोडता येतं. आणि मालकाच्या परवानगीने, स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी मनात येईल तेव्हा काढून घेता येत नाही, असं सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० सांगतं. माझ्या मते तुमची बाजू याच कलमावर उभी राहील.

नोटिशीला उत्तर देताना मात्र फार जपा. पुष्कळ संस्था इथेच घसरतात. समितीतले काही जण म्हणतात, ‘चाळीस वर्षं जागा आमच्या ताब्यात आहे, विरोधी कब्जाने आमचीच झाली.’ विरोधी कब्जा बारा वर्षांनी पक्का होतो हे खरं, आणि रवींदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कब्जेदाराला त्यावर स्वतः दावा लावण्याची मुभाही दिली आहे. पण तो कब्जा मालकाच्या हक्काला झुगारून असावा लागतो. ‘आजोबांनी प्रेमाने जागा दिली’ आणि ‘आम्ही मालकाविरुद्ध कब्जा केला’ ही दोन वाक्यं एका पत्रात आली की दोन्ही लंगडी पडतात. खरं घडलं ते पहिलं. तेच लिहा. दुसरं मोहाने जोडू नका.

ना हरकत दाखल्याचंही नीट समजून घ्या. आपल्याकडे गोव्यात भाटकार वारला की मालमत्ता वाटणी होईपर्यंत सगळ्या वारसांची सामाईक राहते, आणि विवाहित वारसाच्या जोडीदाराचाही सहसा अर्धा हिस्सा असतो. एकटा नातू हरकत घेऊ शकतो, पण त्याच्या एकट्याच्या सहीने ना हरकत पुरी होत नाही. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याखाली त्या घरात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्तेची वाटणी ठरवण्याची कार्यवाही, झाली आहे का, याची चौकशी करा. झाली असेल तर ही जागा कोणाच्या वाट्याला गेली ते कळेल आणि बोलणी कोणाशी करायची हेही. बोलणी जरूर करा. सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार तयार झाले तर नोंदणीकृत बक्षीसपत्र, नाहीतर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा. आजोबांच्या नावाचा फलक सभागृहावर लावण्याची तयारी दाखवा. गावासाठी त्यांनी जे केलं त्याचा मान राखला तर घरातली माणसं ऐकतात, हे मी पाहिलं आहे.

नोटिशीची मुदत संपायची वाट न पाहता दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ अ प्रमाणे ते नव्वद दिवस चालतं. त्या काळात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम सहसा मिळत नाही. त्याची प्रत नातवाला पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. त्याआधी मंडळाची चालू कार्यकारिणी संस्था निबंधकांकडे नोंदलेली आहे ना, ते बघा. यादी जुनी असेल तर ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नातच पहिली तारीख जाईल.

रंगाऱ्याशी करार लेखी करा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा काढल्यावर. ओल्या चिऱ्यावर घाईने मारलेला रंग गणेशचतुर्थीपर्यंतही टिकत नाही. परांचीवर चढणाऱ्या कामगारांचा विमा कंत्राटदाराने काढलाय का, ते कागदावर बघा. आणखी एक. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तुमच्या भिंतीवरचे थर त्याच्या फार आधीचे आहेत. ते कोरडे घासू देऊ नका, पाणी मारून खरवडायला सांगा, आणि काम संपून धूळ पुसून निघेपर्यंत बालवाडी दुसरीकडे भरवा.