डोक्यावर कर्ज, दारात चिंगी

पैशांच्या समुपदेशनाला येणारी माणसं कुत्र्या-मांजराचा विषय सहसा स्वतःहून काढत नाहीत. गृहकर्ज, पर्सनल लोन, मुलांची फी असं सगळं सांगून होतं आणि उठता उठता कुणीतरी अडखळत विचारतं, "मॅडम, घरात कुत्रं आहे. कर्ज फिटेपर्यंत कुणाला देऊन टाकावं का?" ठेवावं तर डोक्यावर कर्ज असताना चैन केल्यासारखं वाटतं, द्यावं तर पाप केल्यासारखं. हा प्रश्न इतक्या घरांत आहे की एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या परवानगीने इथे लिहिते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंदार आणि स्वप्ना कळव्याला राहतात. सोबत मंदारची आई, अकरा वर्षांची ईरा आणि सहा वर्षांची लॅब्रॅडॉर, चिंगी. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७५,००० रुपये. घराचा हप्ता २२,५००, पर्सनल लोनचा ११,२००. क्रेडिट कार्डावर १,६२,००० थकलेले आणि त्याचे दर महिन्याला 'मिनिमम' ८,१०० भरायचे. सोसायटी, शाळा, किराणा, वीज, प्रवास, आईंची औषधं असं उरलेलं घर ३०,७०० मध्ये चालायचं. इथपर्यंत कसंबसं भागत होतं. चिंगीचे ६,४०० धरले की महिन्याला ३,९०० कमी पडायचे, आणि ते कार्डावर जायचे.

म्हणून मंदारचं गणित सरळ होतं. "चिंगी नसती तर आम्ही तोट्यात नसतो. ऑफिसमधल्या एकाचं कर्जतला फार्महाऊस आहे, तो घेतो म्हणालाय." स्वप्ना खिडकीकडे बघत बसली होती. घरी या विषयावर बोलणं बंद झालं होतं, हे सांगायची गरजच नव्हती.

मी त्यांना कार्डाचं स्टेटमेंट मागितलं. मोबाइलवरचं नको, छापलेलं. त्यावर व्याजाची ओळ कुठे असते हे दोघांनाही चटकन सापडलं नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १,६२,००० वर महिन्याचं व्याज ५,६७०, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ६,६९० रुपये. भरले ८,१००, त्यातले मुद्दलात गेले जेमतेम १,४१०. वर पुन्हा ३,९०० ची नवी खरेदी. थकबाकी महिन्याला अडीच हजारांनी वाढत होती आणि मंदार प्रामाणिकपणे समजत होता की आपण कार्ड फेडतोय. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. चिंगीच्या खाण्याच्या पोत्यावर ते घेतल्या दिवसापासूनच व्याज चढत होतं.

मी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. चिंगी ६,४००, व्याज ६,६९०. मंदार त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे घरात दोन कुत्री आहेत."

कर्जातल्या घरांत मला हे नेहमी दिसतं. व्याज भुंकत नाही, जेवणाच्या वेळी समोर येऊन बसत नाही, म्हणून त्याचा राग येत नाही. राग येतो तो दिसणाऱ्या खर्चाचा. पण याचा अर्थ चिंगीचा खर्च ठीक होता असाही नाही, आणि प्राणीप्रेमी लोकांना हे ऐकायला आवडत नाही. महिन्याचं पार्लर १,३००. चघळायच्या काड्या आणि बिस्किटं ८००. गावी गेल्यावर तिला ठेवायच्या जागेचे सरासरी ५००. नामांकित कंपनीचं खाणं ३,४००. आणि औषधं? गोचीड आणि जंत यांना मिळून फक्त ४००.

मला खटकला तो हा शेवटचा आकडा. खोदून विचारल्यावर कळलं की मागच्या वर्षी जून-जुलैत ओढाताण होती, तेव्हा गोचिडांचं औषध बंद केलं होतं. "दोन महिन्यांनी काय होतंय" असा विचार. पावसाळ्यात गोचीड फोफावतात. ऑगस्टमध्ये चिंगीला गोचीडताप झाला, खाणं सुटलं, प्लेटलेट्स घसरल्या. रक्ताच्या तपासण्या, सलाईन, महिनाभराच्या गोळ्या मिळून ३१,००० रुपये, सगळे कार्डावर. त्या ३१,००० चं व्याज आणि जीएसटी धरून महिन्याला १,२८० जात होते. पार्लर चालू ठेवून औषध बंद केलं होतं. पार्लरची वेळ ठरलेली असायची आणि औषधाची कुणी आठवण करत नसे, एवढंच कारण.

मग त्या बिलाबद्दल बोललो. डॉक्टरांनी फसवलं असं मंदारला वाटत नव्हतं. तो म्हणाला, "काउंटरवर विचारलं, हे करायचं का, ते करायचं का. मागे माणसं बसलेली. नाही कसं म्हणणार?" मुलाच्या आजारपणात हीच माणसं डॉक्टरांना दहा प्रश्न विचारतात. कुत्र्याच्या बाबतीत पैशांचा प्रश्न विचारला की आपलं प्रेम कमी दिसेल अशी भीती असते. मी त्यांना वाक्यच पाठ करायला दिलं: "डॉक्टर, आज कुठली तपासणी पुढे ढकलण्यासारखी नाही? बाकीचं टप्प्याटप्प्याने केलं तर चालेल का?" बहुतेक पशुवैद्य याचं नीट उत्तर देतात. त्यांनाही अर्धवट सोडलेल्या उपचारांपेक्षा हे बरं वाटतं.

पुढच्या भेटीला ते चिंगीच्या डॉक्टरांशी बोलून आले. तिचं वजन ३८ किलो भरलं होतं, निदान सात-आठ किलो जास्त. डॉक्टरांनी खाणं बदलायला नाही, मोजून द्यायला सांगितलं. पोतं त्यामुळे जास्त दिवस पुरायला लागलं, खर्च २,६०० वर आला. आई रोज चहासोबत तिला पार्ले-जी घालत होत्या, हेही तेव्हाच उघडकीला आलं. बिस्किटांऐवजी गाजर-काकडी, म्हणजे फार तर १००. आंघोळ घरी, फक्त नखं दवाखान्यात २०० रुपयांत. गावी गेल्यावर ती स्वप्नाच्या भावाकडे राहणार. गोचीड-जंताचं औषध मात्र ४०० वरून ५५० वर नेलं, बारा महिने, एकही महिना न चुकवता. आणि ८०० रुपये आजारपणासाठी बाजूला, वेगळ्या खात्यात. एकूण ४,२५०.

चिंगी २,१५० नी स्वस्त झाली. तरी १,७५० कमी पडत होते. ते बाहेरून जेवण मागवण्यातून निघाले. त्यावर फार बोलावं लागलं नाही, दोघांनाही आकडा माहीत होता.

खरी अडचण कार्डाची होती. स्वप्नाच्या पाटल्या लॉकरमध्ये होत्या. बँकेचं सोनेतारण कर्ज त्यांना वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी मिळत होतं. कार्डाचे १,६२,००० तिथे हलवले तर सुरुवातीचं महिन्याचं व्याज १,२८० च्या आसपास. तेच ८,१०० दर महिन्याला भरत राहिलं तर साधारण २२ महिन्यांत सगळं फिटतं. मंदार उसळला. "कुत्रीसाठी बायकोचं सोनं गहाण टाकू?" तेव्हा स्वप्ना पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "चिंगीसाठी नाही. कार्डासाठी. तुझ्या बाईकची दुरुस्ती, माझा फोन, गणपतीची खरेदी, सगळं त्यात आहे. बिल फक्त तिच्या नावावर फाडतोस तू."

सोनेतारणात धोका आहेच. हप्ते चुकले तर दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो, आणि अनेक बँकांत वर्षाने नूतनीकरण करावं लागतं. म्हणून अधूनमधून मुद्दल भरायची सोय असलेलंच खातं घ्या आणि कार्डाची मर्यादा त्याच आठवड्यात कमी करून घ्या, असं मी सांगते. नाहीतर मोकळं झालेलं कार्ड पुन्हा भरतं आणि सोनंही अडकतं. ज्यांचा पगार बेभरवशाचा आहे त्यांना मी हा मार्ग सुचवत नाही.

आता फार्महाऊसबद्दल. कुत्रं दुसऱ्या घरी देणं कधीच योग्य नसतं असं मी म्हणणार नाही. घरात कुणी दिवसभर नसेल, कुणाला गंभीर आजार असेल, तर चांगलं घर शोधून देणं हीच काळजी. पण तो निर्णय वेळ आणि देखभाल बघून करावा, हप्ता बघून नाही. फार्महाऊसवर गेलेलं कुत्रं बऱ्याचदा फाटकाशी साखळीला दिसतं. सहा वर्षं सोफ्यावर झोपलेल्या लॅब्रॅडॉरला ते झेपत नाही. आणि रस्त्यावर सोडणं हा तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे चघळायच्या काडीएवढा. कायदा करणाऱ्यांनी तेव्हा काय ठरवलं असेल ते असो.

ईराने हे सगळं दाराआडून ऐकलं होतं. शाळेच्या सहलीचा फॉर्म तिने दप्तरातच ठेवला होता, आपण पैसे मागितले तर चिंगी जाईल म्हणून. मुलांपासून आकडे लपवा, पण निर्णय लपवू नका. "चिंगी राहणार आहे, पार्लर बंद आहे, सहलीला तू जाणार आहेस," एवढं तिला सांगणं पुरेसं होतं.

काही गोष्टी लोक वारंवार विचारतात त्या इथेच सांगते. रेबीजची लस मोफत मिळवायची असेल तर ६ जुलै (जागतिक प्राणिजन्य रोग दिन) आणि २८ सप्टेंबर (जागतिक रेबीज दिन) या दिवसांच्या आसपास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत शिबिरांची चौकशी करा. विमा मिळतो, पण ठरावीक वयानंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड आणि आधीचा आजार धरत नाहीत. पिल्लू असतानाच विचार करायची ती गोष्ट. घरातली दुखण्याची गोळी पैसे वाचवायला कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराचा तर पॅरासिटामॉलच्या एका गोळीने जीव जाऊ शकतो.

चिंगीची नसबंदी झालेली नव्हती. ठाण्यातल्या खाजगी दवाखान्याने १४,००० सांगितले. ते दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबवायचं ठरलं, पण डॉक्टरांनी बजावलं की माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली किंवा स्राव दिसला तर थांबायचं नाही. गर्भाशयात पू झाला की तातडीची शस्त्रक्रिया, आणि खर्च कितीतरी जास्त. मुंबईत परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात कमी खर्चात होईल असं शेजाऱ्यांनी सुचवलं होतं. शस्त्रक्रियेसाठी तिथे जाणं योग्यच. साध्या तपासणीसाठी मात्र कळव्याहून परवडत नाही, कारण रिक्षा सायनपुढे जात नाही आणि टॅक्सीचं येण्याजाण्याचं भाडं इथल्या डॉक्टरांच्या फीच्या वर जातं.

शेवटचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता. ८०० रुपयांच्या खात्यापेक्षा मोठं आजारपण आलं तर? हा प्रश्न दवाखान्याच्या बाकावर रडत सोडवता येत नाही. मी दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठीवर आकडा लिहायला सांगितला: नवं कर्ज काढायची वेळ येण्याआधी जास्तीत जास्त किती. मंदारने १५,००० लिहिले, स्वप्नाने ४०,०००. बरीच घासाघीस होऊन २५,००० ठरले. त्याच्या वर गेलं तर डॉक्टरांना सरळ विचारायचं की ती बरी होऊन किती जगेल आणि त्यात तिला त्रास किती, आणि मग दोघांनी मिळून ठरवायचं.

त्या दिवशी आईही आल्या होत्या. इतका वेळ गप्प होत्या. चिठ्ठ्या टेबलावरून उचलल्या जात असताना त्यांनी विचारलं, "आणि माझ्यासाठी किती लिहिलेत?"

मंदार हसला. मग त्याच्या लक्षात आलं की कंपनीच्या आरोग्य विम्यात आईंचं नाव नाही आणि वेगळी पॉलिसीही काढलेली नाही. पुढच्या आठवड्याची वेळ त्यांनी तिथेच घेतली.