बी.आर्क. सोडून गेम आर्टकडे वळू का?

प्रश्न : मी बी.आर्क.च्या (वास्तुकलेच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्थेनॉन हे अथेन्सचं प्राचीन ग्रीक मंदिर उभारतेय. पण मंदिर प्लॅस्टिकचं दिसतं आणि गेममधलं पात्र पायऱ्यांपाशी अडकतं. कॉलेज सोडून गेम आर्टचा कोर्स करू का? बाबांचा ठाम नकार आहे. (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : कॉलेज सोडू नकोस. तुझ्या दोन्ही अडचणींची उत्तरं तू आत्ता शिकतेयस त्याच विषयात आहेत.

आधी पायऱ्या. पार्थेनॉनची प्रत्येक पायरी अर्ध्या मीटरहून उंच आहे आणि अनरिअलचं पात्र मूळ सेटिंगवर ४५ सेंटिमीटरपर्यंतचीच पायरी चढतं. म्हणजे तुझं माप बरोबर आहे, म्हणूनच ते अडकतंय! त्या पायऱ्यांची उंची माणसाच्या पावलाला नव्हे, इमारतीच्या भव्यतेला धरून ठेवलेली आहे. चढायला ग्रीकांनी मध्ये छोट्या पायऱ्या बसवल्या होत्या. तूही त्याच बसव, सेटिंगमधला आकडा वाढवून मोकळी होऊ नकोस.

आता खांब. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये खांबाखाली गोल बैठक दिसते. ती आयोनिक या ग्रीक शैलीची. पार्थेनॉनचे बाहेरचे खांब डोरिक शैलीचे, आणि डोरिक खांब थेट जोत्यावर उभा राहतो. त्यावर २० उभ्या पन्हळी असतात आणि दोन पन्हळींमधली कड धारदार असते. ती कड मॉडेलमध्ये अगदी काटेकोर टोकदार ठेवली की तिच्यावर उजेड चमकत नाही, प्लॅस्टिकपणा बराचसा तिथूनच येतो. किंचित बेव्हल दे, म्हणजे कडेची धार जराशी तासून घे. एकच खांब बनवून बाहेरच्या रांगेत ४६ वेळा ठेवलास, ही पद्धत योग्यच. पण कोपऱ्यांवरचे खांब जरा जाड आणि शेजारच्या खांबाच्या जवळ आहेत, आणि सगळेच किंचित आत कललेले. जोतंही सपाट नाही, लांब बाजूंना ते मधोमध सुमारे ११ सेंटिमीटर वर उचललेलं आहे. मला तर या मंदिराचं सगळं सौंदर्य इथेच आहे असं वाटतं. इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू करणाऱ्या इक्टिनोस आणि कॅलिक्रॅटिस या वास्तुकारांनी ते दगडात साधलं. तुला सुटे भाग जोडून झाल्यावर अख्खं जोतं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वाकवायचंय.

नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्याला हे कुणी सांगत नाही. प्लॅन-सेक्शन वाचता येणारा एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट (गेममधल्या इमारती आणि परिसर घडवणारा) गेम स्टुडिओला हवाच असतो. पोर्टफोलिओत अख्खं अथेन्स नको, हे एकच मंदिर पुरे : मंदिरातून फिरवणारा मिनिटभराचा वॉकथ्रू व्हिडिओ, वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी), टेक्श्चर शीट (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं). नॅनाइटवर (बारीक तपशिलांचं मॉडेल आपोआप हलकं करणाऱ्या अनरिअलच्या सोयीवर) भिस्त ठेवू नकोस, मोबाइल गेमच्या कामासाठी एलओडी (लांबून दिसताना वापरायच्या मॉडेलच्या हलक्या आवृत्त्या) आणि ट्रिम शीट (अनेक भागांना पुरणारं पट्ट्यांचं एकच टेक्श्चर) आलंच पाहिजे.

बाबांची काळजी रास्त आहे. पदवी असली की वास्तुकला परिषदेत नोंदणी होते, आणि अनरिअल तर आर्किटेक्टच्या व्हिज्युअलायझेशनलाही लागतं, हे त्यांना दाखव. प्रॅक्टिकल ट्रेनिंगला असंच काम करणारं ऑफिस शोध. कॉलेजचे नियम मात्र आधी विचारून घे.