पहिलं एअर पिस्तूल घेताना

पिस्तूल की रायफल, हे आत्ताच ठरवू नकोस. क्लबची दोन्ही हत्यारं महिनाभर चालव, मग पैसे काढ. पिस्तूलच घ्यायचं ठरलं तर ग्रिप तळहातात घट्ट बसते का ते आधी बघ. माझ्या मते ब्रँडचा वाद त्यानंतरचा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ट्रिगर फार हलका करतात. १० मीटर स्पर्धेत एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा अशी अट असते, वजन टांगून तपासतात.
- एक छर्रा भरकटला की लगेच साइट (नळीवरची नेम धरायची खूण) फिरवतात. पाच छर्‍यांचा गट कुठे पडतो ते पाहून मगच साइटच्या स्क्रूला हात लाव.

नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, यावर चर्चा नाही. बाकी फेरफार पुढच्या वर्षी बोलू.