खूण टाकण्याआधी दार मोज

प्रिय,

व्याख्यानमालेच्या पत्रिकेचा मसुदा पाहिला. सभागृहाच्या पत्त्यापुढे निळ्या चौकोनातली व्हीलचेअर टाकली आहेस आणि 'चालेल ना ताई?' असं विचारलं आहेस. विचारलंस याचा फार आनंद झाला.

ती इमोजी जागेबद्दल बोलते. चाकांवरून येणारा माणूस इथे कुणाच्या हातापाया न पडता आत येऊ शकतो, एवढं वचन तिच्यात आहे. माझ्यासारखी बाई ती खूण पाहूनच घराबाहेर पडायचं ठरवते. पोहोचल्यावर पायऱ्या दिसल्या आणि 'आम्ही चौघं उचलतो ना' म्हणत मंडळी धावून आली, की त्यांच्या मनात काही वाईट नसतं हे मला कळतं. पण उचलताना पडायची भीती असते आणि वक्ता काय बोलतोय याऐवजी परत उतरायचं कसं हेच डोक्यात घोळत राहतं.

म्हणून आधी टेप घेऊन सभागृहात जा. आपल्याकडच्या सरकारी मानकांत रॅम्पचा उतार १:१२ सांगितला आहे, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या ३ पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तिला १८ फूट लांबीचा रॅम्प हवा. मांडववाल्यानं टेकवलेली फळी म्हणजे घसरगुंडी, तिला रॅम्प म्हणू नकोस. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर आहे का बघ. मग स्वच्छतागृह. याबद्दल कुणी विचारत नाही, आणि आमच्यातल्या कित्येकजणी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत ते याचमुळे. दार बाहेर उघडतं का, आत खुर्ची वळते का, धरायला दांडी आहे का, हे स्वतः आत जाऊन पाहा.

यातलं काही कमी असेल तर खूण काढ आणि शब्दांत लिही: 'मुख्य दाराला २ पायऱ्या, मागच्या दारानं रॅम्प, स्वच्छतागृहाची सोय नाही.' अशी प्रांजळ ओळ वाचून मी माझं ठरवू शकते. खूण राहिली तरी काय सोय आहे हे सांगणारी अशी ओळ हवीच.

या चिन्हाचा जन्म तुला आवडेल. १९६८ मध्ये सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं ते काढलं तेव्हा त्यात नुसती खुर्ची होती. कार्ल मोंटान यांनी वर एक गोल जोडला आणि खुर्चीत माणूस आला. १९६९ पासून ते जगभर मान्य झालं. पुढे अमेरिकेत बॉस्टनमध्ये सारा हेंड्रेन आणि ब्रायन ग्लेनी यांनी पुढे झुकून स्वतः चाकं ढकलणारी आकृती पुढे आणली. न्यूयॉर्क राज्यानं २०१४ मध्ये ती स्वीकारली. मला ती आवडते. पण ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना ती आपली वाटत नाही, हेही मला पटतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांवरच्या अक्षरांच्या आणि इमोजींच्या जागतिक यादीत, ही खूण २००५ साली आली. खुर्चीत बसलेल्या माणसांच्या इमोजी वेगळ्या, त्या २०१९ च्या. वक्त्यांपैकी कुणी व्हीलचेअर वापरत असेल, तर त्यांच्या नावापुढे त्यातली कुठलीही त्यांना विचारल्याशिवाय लावू नकोस. गेमिंगच्या चॅटमध्ये हरणाऱ्याला हिणवायला हीच निळी खूण पाठवतात. तुमच्या ग्रुपवर कुणी तसं केलं तर तिथल्या तिथे थांबव.

आणखी एक. आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, तेव्हा एका खुर्चीवर सगळ्यांचा भार टाकू नकोस. सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवला असेल तर तसं लिही. पत्रिकेचं चित्र पाठवशील तेव्हा खाली सगळा मजकूर टाइप कर, कारण अंध वाचकांना फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारं टॉकबॅक चित्रातल्या मजकुरावर भरवशानं चालत नाही. इमोजी मात्र ते नाव घेऊन वाचतं. ओळीत ५ टाकल्यास तर तेच नाव पुन्हा पुन्हा कानी पडतं. एकच टाक, तीही वाक्य संपल्यावर.

टेप काढशील तेव्हा व्यासपीठाच्या पायऱ्याही मोज. आपण सगळा विचार श्रोत्यांचा करतोय, पण पुढच्या वर्षीच्या वक्त्यांसाठी माझ्याकडे दोन नावं आहेत आणि दोघीही व्हीलचेअर वापरतात. मापं रविवारपर्यंत कळव, म्हणजे त्यांच्याशी बोलता येईल.

तुझी,
ताई