ट्रकचं लायसन्स मिळेल हो, पण ४०१के का मोडताय?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४२, ग्रीन कार्ड आहे, एकट्याचा पगार २ लाख ३० हजार डॉलर. बायकोला वडापावचा फूड ट्रक टाकायचाय. टेक्सासमधला वापरलेला ट्रक ७५ हजारांत मिळतोय, विकणारा म्हणतो हेल्थ परमिट ट्रकसोबतच येतं, आणि एक एजंट ४५ दिवसांत काउंटीचं लायसन्स हातात देतो म्हणून ६ हजार मागतोय. ते द्यावेत का, एवढंच विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ: पैसे जुन्या कंपनीच्या ४०१के मधून, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यातून काढतोय, रिटायरमेंटला आययूएल (शेअर बाजाराच्या इंडेक्सला जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) आहेच.

एजंटला एक डॉलरही देऊ नका. परमिट तुमच्या अलामेडा काउंटीचं एन्व्हायरन्मेंटल हेल्थ खातं देतं, तेही ट्रक स्वतः तपासून, त्यामुळे ४५ दिवसांची गॅरंटी हा माणूस कुठून देणार? आणि परमिट ट्रकसोबत येत नाही, मालक बदलला की नवीन अर्ज. त्यात टेक्सासचं परमिट कॅलिफोर्नियात कुणी विचारत नाही. इथे तीन कप्प्यांचं सिंक हवं, हात धुवायचं वेगळं, राज्याच्या एचसीडी (हाउसिंग अँड कम्युनिटी डेव्हलपमेंट) खात्याचा शिक्का हवा, आणि वडे तळणार म्हणजे धूर ओढणारं हूड आणि आग विझवायची सिस्टिम आलीच. हे नसलं तर ७५ हजारांच्या ट्रकवर अजून किती ओतावे लागतील ते आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी ट्रकचा प्लॅन काउंटीला दाखवायचा, मग सौदा. भाजी घरी करून ट्रकवर नुसतं तळायचं असं वहिनींच्या डोक्यात आहे, ते चालत नाही, परवानगी असलेलं कमिसरी किचन, म्हणजे ट्रकवाल्यांसाठीचं व्यावसायिक स्वयंपाकघर, भाड्याने घ्यावं लागेल, बे एरियात महिन्याला हजार-बाराशे तरी धराच. आणि मिलपिटासला विकायचं म्हटलं की सँटा क्लारा काउंटीचं परमिट वेगळं.

आता खरा घोळ. तुमच्या पगारावर ४०१के मोडली की फेडरल टॅक्स २४, राज्याचा ९.३, वर वेळेआधी काढल्याचा दंड फेडरलचा १० आणि कॅलिफोर्नियाचा अडीच टक्के. झाले जवळपास ४६. म्हणजे ७५ हजार हातात यायला १ लाख ४० हजार काढावे लागतील! तुमच्या खात्यात आहेत दीड लाख. एका ट्रकपायी सगळी पुंजी साफ, आणि हेच १ लाख ४० हजार ६ टक्क्यांनी वाढले तरी साठीपर्यंत ४ लाखांच्या आसपास जातात.

हे धाडस तुम्ही करताय ते आययूएलच्या भरवशावर, आणि ती तर रिटायरमेंटची सोय नाहीच. ओळखीतल्या एकाने ७ टक्के टॅक्स-फ्री म्हणून गळ्यात मारली, महिन्याला हजार, ३ वर्षांत ३६ हजार भरले, आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत मागितले, तर मिळतात ११ हजार. बाकीचे विम्याच्या खर्चात आणि सरेंडर चार्जमध्ये गेले. ते ७ टक्के ज्या रकान्यात छापलेत त्यावर नॉन-गॅरंटीड लिहिलेलं असतं, शेजारचा गॅरंटीड रकाना विकणारा दाखवत नाही. इंडेक्सचा डिव्हिडंड तुम्हाला मिळत नाही, परताव्यावर कॅप, म्हणजे वरची मर्यादा असते आणि ती कॅप कंपनी पुढे खालीही आणू शकते. लोकांच्या म्हातारपणाचे पैसे असे ओळखीपाळखीत लाटले जातात याचा मला फार राग येतो.

वहिनींची इच्छा मात्र मोडू नका. अलामेडा काउंटीत घरच्या स्वयंपाकघरातून जेवण विकायचं रीतसर परमिट मिळतं, मेहको म्हणतात त्याला, दिवसाला ३० आणि आठवड्याला ९० जेवणांची मर्यादा. ट्रकच्या मानाने खर्च किरकोळ. सहा महिने ते करा. आठवड्याला ९० जेवणं सुद्धा जात नसतील तर ट्रकवर रोजचे २०० वडापाव कुठून जाणार? आणि जात असतील तर ट्रक विकत न घेता आधी भाड्याने घ्या, इथलाच, काउंटीने पास केलेला.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: पॉलिसी कंपनीकडून आजचं इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचा पुढच्या वर्षांचा तक्ता) मागवा आणि २० वर्षांच्या टर्म इन्शुरन्सला, म्हणजे ठराविक वर्षांच्या नुसत्या विम्याला, अर्ज टाका, तब्येत चांगली असेल तर १० लाखांचं कव्हर महिना शंभराच्या आत बसतं. टर्म मंजूर होऊन सुरू झाली की मगच आययूएल सरेंडर करा, त्याआधी अजिबात नाही.